नाव दिलंय

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बकालावाल्याने, म्हणजे इथल्या किराणावाल्याने, टोमॅटो नेहमीपेक्षा स्वस्त दिले, तर मी ते एकेक उलटून बघतो, असं माझी बायको रुचा सगळ्यांना सांगत असते. खरंच आहे ते. पण मजीदभाईंवर मी सात वर्षांत कधी संशय घेतला नव्हता. घेतला तो यंदाच्या फेब्रुवारीत, आणि घेतला तो चांगला पोटभर घेतला.

कतारच्या रास लफानमधल्या एका कंत्राटदार कंपनीच्या कॅलिब्रेशन वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंच मराठी. मी बार्शीचा, ते दाभोळचे. प्लँटवरची प्रेशर गेज आणि मीटर काढून आणायचे, तपासायचे, दुरुस्त करून परत बसवायचे, हे आमचं काम. मजीदभाईंना कतारमध्ये बावीस वर्षं झालेली. मी आलो तेव्हा मला धड पान्हा धरता येत नव्हता, असं ते नेहमी ऐकवायचे. त्यांनी मला काम शिकवलं, वर डब्यातली सुरमईही खायला लावली. मला ते 'तुला' म्हणत नाहीत, 'तुना' म्हणतात. सुरुवातीला मला त्यांची भाषा अर्धीच कळायची.

जानेवारीत कंत्राट नव्याने झालं आणि मॅनेजरने दोघांना समोर बसवून सांगितलं की आता वर्कशॉपमध्ये एकच माणूस राहणार. कोण, ते फेब्रुवारीअखेर कळेल. माझी मुलगी ओवी नववीत आहे आणि दहावीच्या बोर्डासाठी तिची नोंदणी इथल्याच शाळेत झालेली. माझा व्हिसा गेला की तिघांचा गेला, आणि पोरीचं वर्ष मध्येच लटकलं. त्या दिवसापासून मला झोप लागेना.

मग एका बुधवारी मी स्टोअरमध्ये गेलो, तर रॅकच्या पलीकडून मजीदभाईंचा आवाज आला. दाभोळला फोन चालला होता, त्यांच्या बायकोला, जन्नतभाभींना.

"नाव दिलंय मी," ते म्हणत होते. "फायनल. आता त्यात बदल नाय. अभिजितला अजून बोललो नाय. शुक्रवारी रानात जातंव ना, तवा सांगन त्याला."

आखातात फायनल म्हणजे एकच. फायनल एक्झिट. व्हिसा रद्द, सामान बांधायचं आणि कायमचं घरी जायचं. मी हातातला खोका तिथेच ठेवला आणि आवाज न करता बाहेर आलो.

शुक्रवारचं रान म्हणजे शिकार. मजीदभाईंच्या ओळखीचे एक कतरी गृहस्थ आहेत, अबू राशिद. बंदरातून निवृत्त झालेले, बाज पाळणारे. बाज उडून हरवू नये म्हणून त्याच्या शेपटीला एक छोटा ट्रान्समीटर बांधतात. तो बिघडला की मजीदभाई दुरुस्त करून देतात, आणि त्या बदल्यात हिवाळ्यात दोन-तीनदा त्यांच्याबरोबर शिकारीला जातात. मलाही न्यायचं आमिष गेली सात वर्षं चालू होतं. कधी माझी शिफ्ट आडवी यायची, कधी त्यांची. आणि यंदा, हंगाम संपायला आठवडा उरलेला असताना, नेमकं यंदा त्यांना मला न्यायची आठवण झाली. बुधवारच्या आधी मला त्याचा आनंद झाला होता. आता कारण कळलं होतं.

गुरुवारी दुपारी मी मॅनेजरला मेल लिहिला. मजीदभाई त्या ट्रान्समीटरसाठी बॅटऱ्या आमच्या वर्कशॉपमधून नेतात, हे मला ठाऊक होतं. त्या वापरलेल्या असतात. मुदत झाली म्हणून मीटरमधून काढलेल्या, पण थोडा जीव शिल्लक असलेल्या. आम्ही त्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो. मी लिहिलं की मजीद हे कंपनीच्या बॅटऱ्या खाजगी कामासाठी बाहेर नेतात. 'वापरलेल्या' हा शब्द मी लिहिला होता, तो पुन्हा वाचताना खोडला. मेल पाठवला आणि हात धुऊन आलो.

शुक्रवारी पहाटे, फजरची नमाज आटोपून, ते त्यांच्या जुन्या पजेरोतून अल खोरला आमच्या बिल्डिंगखाली मला घ्यायला आले. मी नको म्हणू शकलो असतो. पण नाही गेलो तर संशय येईल, असं मला वाटलं. दुसऱ्याला आपला संशय येईल याची काळजी संशयी माणसाला फार असते.

गाडीत बसल्या बसल्या त्यांनी माझ्या हातात पुडकं दिलं. "खा. सांदणं हायत. समीनाच्या घरून आणली, तुझ्यासाठी." समीना म्हणजे त्यांची दोह्यातली भाची. बकऱ्याला आधी खायला घालतात, एवढंच मला आठवलं.

रस्ताभर ते माझी चौकशी करत होते. ओवीचं कसं चाललंय, गणितात मार्क किती, शाळेची बस अजून उशिरा येते का. पूर्वीही ते हे विचारायचे. आता प्रत्येक प्रश्न मला पंचनाम्यासारखा वाटू लागला. मी हो-नाही एवढ्यावर भागवलं.

"काय झालंय तुना?" ते म्हणाले.

"झोप झाली नाही."

"मनापण नाय झाली," ते म्हणाले.

दुखानच्या बाजूला डांबरी रस्ता सोडला तेव्हा सूर्य नुकता वर आला होता. अबू राशिद लँड क्रूझर लावून थांबले होते. पांढरी दाढी, अंगात जाड लोकरी कोट, आणि डाव्या हातावर चामड्याच्या टोपीने डोळे झाकलेला बाज. त्यांनी मजीदभाईंना नाकाला नाक लावून सलाम केला, माझ्याशी हात मिळवला, आणि दोघं अरबीत बोलायला लागले. बोलता बोलता दोघांनीही एकदा माझ्याकडे पाहिलं. अबू राशिद मान हलवून म्हणाले, "मिस्कीन."

सात वर्षांत एवढं अरबी मला येतं. मिस्कीन म्हणजे बिचारा. माझे कान तापले. म्हणजे या म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं, आणि माझी बायको तिकडे ओवीच्या दहावीच्या क्लासची चौकशी करत होती.

इथे शिकारीला बंदूक चालत नाही, फक्त बाज. आणि शिकार हुबाऱ्याची. आमच्या सोलापूरकडच्या माळढोकाचा तो धाकटा भाऊच म्हणायचा, वाळूच्याच रंगाचा, त्यामुळे बसला की दिसत नाही. अबू राशिद खाली वाकून पावलांचे ठसे बघत चालले, आम्ही मागे. मजीदभाईंच्या गळ्यात ट्रान्समीटरचा रिसीव्हर अडकवलेला.

"सीझनच्या शेवटाला जे उरतात ना, ते लय बेरकी," ते हळूच म्हणाले. "बाकी सगळे गेलेले असतात. एकटा उरलेला काय पण करतो."

हे पक्ष्याबद्दल होतं की माझ्याबद्दल, हे मला ठरवता येईना. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

तासाभराने पुढच्या झुडपातून हुबारा उठला. अबू राशिदनी टोपी काढली, बिस्मिल्ला म्हटलं आणि बाज सोडला. बाज खालून, जमिनीला धरून गेला. आता धरणार, असं वाटलं तेवढ्यात हुबारा वळला, शेपूट वर केली आणि मागून हिरवी चिकट पिचकारी मारली. ती सरळ बाजाच्या छातीवर आणि पंखावर. पंख चिकटले. बाज हेलपाटत एका उंचवट्याआड खाली गेला आणि हुबारा शांतपणे उडून गेला.

मजीदभाई रिसीव्हर घेऊन धावले. छप्पन्न वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा. मशीन टिक टिक करत होतं आणि ते एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळत पळत होते. बाज सापडला तेव्हा तो वाळूत पंख पसरून बसला होता आणि कोणालाही जवळ येऊ देत नव्हता. अबू राशिदनी त्याला उचललं, कोमट पाण्याने एकेक पीस धुतलं. ते अजिबात चिडले नाहीत. उलट हसत होते.

"त्याच्यापाशी दुसरं हत्यार नाय," मजीदभाई मला म्हणाले. "घाबरला की घाण करतो. पण बाजाचे पंख वेळेवर धुतले नाय, तर बाज गेला कामातून."

मला कडक चहाची फार गरज होती.

चहा त्यांनी थर्मासमधून ओतला. अबू राशिद बाजाला उन्हात घेऊन बसले होते. आम्ही पजेरोच्या सावलीत. मजीदभाईंनी कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अभिजित, एक सांगायचंय तुना."

"सांगा," मी म्हणालो. मी तयार होतो. उत्तरही तयार होतं, फार वाईट शब्दांतलं.

"मी जातंय. फायनल एक्झिट. साहेबांना बुधवारी नाव दिलंय माझं. जन्नतच्यानं आता एकटीनं होत नाय, आणि मीपण खलास झालंय इथे. तू राहा. पोरीची दहावी होऊ दे."

मी कप खाली ठेवला. वाळूवर नीट बसेना, कलंडला.

नाव दिलंय मी. बुधवारचं ते वाक्य मी तिथे बसून परत परत ऐकलं. नाव कोणाचं, ते त्या वाक्यात नव्हतंच. आपल्या भाषेत ते सांगावं लागत नाही. समोरच्या जन्नतभाभींना ते ठाऊक होतं, म्हणून मजीदभाईंनी ते गाळलं. रिकाम्या जागेत माझं नाव मी स्वतः घातलं.

"बोल काहीतरी," मजीदभाई म्हणाले.

"थँक्यू," मी म्हणालो. यापेक्षा दळभद्री शब्द दुसरा सापडला नसता.

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आभार कमी पडले. मी आणखी काहीबाही बोललो, रुचाला सांगतो, ओवीला फार आनंद होईल, वगैरे. ते ऐकून घेत होते आणि बघत होते. मग उठले, कप विसळले, आणि जुम्म्याच्या नमाजेला पोचायचं म्हणून आम्ही निघालो.

परतीच्या रस्त्यावर माझ्या डोक्यात एकच हिशेब. मेल परत येत नाही. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडलं की मॅनेजर त्यांना बोलावणार. बावीस वर्षं काम केलेल्या माणसावर जाता जाता चोरीचा शिक्का बसणार, आणि तो कोणी मारला, हे त्यांना तिथे कळणार. दुसरीकडे असंही वाटत होतं की मॅनेजर माझं नाव न घेता सांगतील, कदाचित कळणारच नाही. गप्प राहिलो तर सगळं निभावेल. हा विचार मी जवळजवळ तासभर केला, हे मला कबूल केलं पाहिजे.

अल खोरच्या इमारती दिसायला लागल्यावर मी म्हणालो, "मजीदभाई, गाडी बाजूला घ्या."

त्यांनी घेतली. मी सगळं सांगितलं. फोन कसा ऐकला, काय समजलो, काय लिहिलं, आणि कुठला शब्द खोडला तेही. सांगताना मी डॅशबोर्डकडे बघत होतो. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

"म्हायत हाय," ते म्हणाले.

मी मान वर केली.

"गुरुवारीच संध्याकाळी साहेबांनी फोनवर वाचून दाखवला. जुन्या बॅटऱ्या हायत, ते त्यांना म्हायतच होतं, त्यांच्याच परवानगीनं नेत होतो. ते हसले त्याला. पण मग म्हणाले, असला माणूस तू मागं ठेवून जातोस? अजून कागदावर सही नाय, तू राहतोस तर राहा, त्याला पाठवतो. रविवारी सांग म्हणाले."

"मग मला आणलंत कशाला?"

"सांगतोस का, ते बघायला."

म्हणजे पहाटेपासून मी त्यांच्यावर नजर ठेवून होतो आणि ते माझ्यावर. ती चौकशी, ते बघत राहणं, चहानंतरची ती शांतता, सगळं मी बरोबर हेरलं होतं. फक्त कारण चुकलं होतं.

"आता सांगितलं," मी म्हणालो.

"सांगितलंस. चहा पिताना मी वाट बघितली. तवा नाय सांगितलंस. सगळा रस्ता वाट बघितली." त्यांनी गिअर टाकला. "रविवारी साहेबांना सांगन, नाव माझंच राहू दे. पोरीसाठी बोललो होतो, ते बोललो होतो. पण एक कर. मना आता भाई बोलू नको."

"मग काय म्हणू?"

"ते तू बघ," ते म्हणाले, आणि आमच्या बिल्डिंगखाली मला उतरवून नमाजेला गेले.

नोकरी राहिली. रुचाने पेढे केले, ओवी "ओह थँक गॉड, पप्पा" म्हणाली. मजीदभाईंनी अकरा दिवस मला हँडओव्हर दिला, एकेक मीटर, एकेक फाइल, काही लपवलं नाही, एक शब्द वाकडा बोलले नाहीत. काही विचारायचं असलं की मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहायचो, ते आपणहून मान वर करीपर्यंत. अकरा दिवसांत मी त्यांना एकदाही हाक मारू शकलो नाही.