नवं लिहिताना जुनं पुसलं

मित्रांनो, इंदूरच्या एका कापड गिरणीच्या टाइम ऑफिसात राबलेला मी जुना संगणक. आता जवळच्या राऊ गावातल्या गोदामात धूळ खातोय, पण जीव अजून तिकडेच अडकलाय.

टाइम ऑफिसचे साहेब शरदचंद्रजींनी माझ्यात कामगारांची माहिती मांडली. माणसामागे एक ओळ, अन् त्या ओळीत कामासाठी एकच खाना, म्हणजे रकाना. दसऱ्याला साच्यांबरोबर, म्हणजे कापड विणायच्या मागांबरोबर, माझीही पूजा व्हायची. कारकून दिवाकरजी माझ्यावर झेंडू वाहायचे. काय थाट होता माझा.

मग गिरणी बंद पडली. यंत्रं चोरीला जाऊ नयेत म्हणून मालकांनी मालोजींना गेटवर बसवलं. जन्मभर ते साच्यावर कापड विणत आले होते. दिवाकरजींनी त्यांच्या ओळीतलं 'विणकर' पुसून 'चौकीदार' लिहिलं. खाना एकच, करणार काय? जुने हजेरीचे कागद तर वाळवीनं केव्हाच खाल्ले होते.

पुढे मालकांचा हुकूम आला. गिरणीच्या चाळीतल्या खोल्या जुन्या कामगारांना राहतील, चौकीदारांनी सोडाव्यात. मालोजी बायकोला, आनंदीबाईंना, घेऊन धावत आले.

"दिवाकर भिया, जरा ठीक से बघा ना. साच्यावर होतो तोही मीच, गेटवर बसलो तोही मीच."

"कंप्यूटरमध्ये चौकीदारच दिसतंय, मालोजी. मी तरी काय करू?"

मालोजींना ते ऐकूच गेलं नाही. आनंदीबाई म्हणाल्या, "साच्याच्या खडखडाटात यांचे कान गेले, दिवाकरजी. गेटवर बसून कुणाचे कान जातात काय?"

माझा जीव तीळतीळ तुटला. पण जे पुसलं, ते माझ्यातही उरलं नव्हतं.

नंतर बंद गिरणीच्या नोंदी नीट लावायला कंप्यूटर शिकलेली अमिता कामाला आली. तिनं माझं दुखणं ओळखलं. माणसं एका तक्त्यात, त्यांची कामं दुसऱ्या तक्त्यात, दोन्ही कार्ड नंबरानं जोडलेली. नवं काम आलं तरी जुनं आपल्या जागी. मालोजींच्या सोबत्यांना विचारून तिनं त्यांच्या नावाला 'विणकर' परत जोडलं, अन् सांगायला मालोजींच्या खोलीकडे पळाली. परतली ती डोळे पुसत. खोलीला दुसऱ्याचं कुलूप होतं. मालोजी कुठे गेले, शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, मला जोडायला हात नाहीत, तरी विनवतो. माणूस एकदाच लिहा, त्याची कामं वेगळी लिहा, अन् नवं लिहिताना जुनं पुसू नका. माझ्यात मालोजी आता विणकर आहेत. कुठे भेटलेच, तर त्यांना एवढं सांगा. जरा मोठ्यानं सांगा.