हजर होड्यांची मोजणी

उद्या होडी पाण्यात घालायची नाही, हे मी बाबाला फोनवर सांगितलं, घरी आल्यावर सांगितलं, जेवायला वाढताना परत सांगितलं. त्याने मान हलवली. बाबाची मान हलली की समजायचं, याने काही ऐकलेलं नाही.

आमचं गाव उलव्याच्या मागे, खाडीला लागून. खाडीवर नवा पूल होतोय. त्याच्या भरावाने मासेमारी बुडाली म्हणून नुकसानभरपाई मिळणार होती आणि ती कोणाला द्यायची हे ठरवायला सर्वेवाले येणार होते. नियम सरळ होता. होडी जेट्टीवर हजर पाहिजे, मालक तिच्याशेजारी उभा पाहिजे, दोघांचा एकत्र फोटो पाहिजे. फोटो नाही तर तो माणूस मच्छीमार नाही.

"पन त्ये येतान कशाला?" बाबाने विचारलं होतं.

"मासेमारी कोण करतं ते बघायला."

"मंग मी मासेमारीच करीत असन ना. घरी बसून काय दाखवू त्यांना, पाय?"

सकाळी उठून बघते तर होडी नाही, जाळं नाही आणि बाबाही नाही. फोन मात्र देवळीत नीट ठेवलेला, भिजेल म्हणून.

मी खारघरला इन्शुरन्सच्या ऑफिसात आहे. दुसऱ्यांचे क्लेम पास व्हावेत म्हणून दिवसभर कागदांशी डोकं लावते. आणि माझ्या स्वतःच्या घरातला, एकुलता एक खरा क्लेम खाडीत निघून गेला होता. नुसता चडफडाट झाला.

जेट्टीवर गेले तर जत्रा. गावात एवढ्या होड्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. एरवी पाण्यात जाणारी एकच, आमची. हरेशकाकांच्या होडीत गेली कित्येक वर्षं त्यांच्या बायकोने अळू लावलं होतं. ते उपटून, होडीला निळा रंग फासून काका तिच्याशेजारी उभे होते. काकांचा धंदा रेती-खडीचा, पण गावच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन तेच. रंग इतका ओला होता की त्यांच्या सफारीला लागला होता.

"धर्मा कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"मासे मारायला गेलाय."

"आज?" काका हादरलेच. "आजच्या दिवशी कोन जातं मासं मारायला?"

सर्वेवाले दहाला येणार होते, ते बाराला आले. अभिराम नावाचा तरुण साहेब, हातात टॅब, पायांत पांढरे बूट. बोलायला गोड. तोवर ओहोटी लागून खाडी रिकामी झाली होती. फोटो पटापट निघाले. होडी, माणूस, क्लिक. कुठल्याही होडीला ओल होती का, जाळ्याला वास होता का, हे कोणी बघितलं नाही. टॅबमध्ये तसा रकानाच नव्हता.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "सर, माझे वडील समोर आहेत. ते बघा."

खरंच दिसत होता बाबा. चिखलाच्या पलीकडे, जिथे थोडं पाणी उरलं होतं तिथे होडी अडकली होती आणि तो आत बसून जाळं झटकत होता. त्याने मला हातही केला. त्याला वाटलं असेल, पोरगी कौतुकाने बघायला आलीये.

"मग बोलवा त्यांना," अभिराम म्हणाला.

"कसे येतील? पाणी नाहीये."

"पाणी का नाहीये?"

"तुमच्या भरावाने गाळ साचलाय, सर! आधी ओहोटीलाही इथे कंबरभर पाणी असायचं. त्याचीच तर भरपाई द्यायला आलात ना तुम्ही?"

त्याने टॅब काखेत धरला. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण भरपाई म्हटलं की रातोरात होड्या वाढतात. खोटी माणसं घुसू नयेत म्हणून नियम कडक ठेवलाय."

मागे हरेशकाका सफारीवरचा निळा रंग चोळत उभे होते. मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

"लांबून काढा फोटो."

"चेहरा यायला हवा."

"तीन तास थांबा. पाणी येईल, ते येतील."

"शक्य नाही. पुढे दुसरं गाव आहे," असं म्हणून ते हरेशकाकांकडे जेवायला गेले. मटण होतं. मी जेट्टीवर उन्हात बसून राहिले. बाबाचा राग येत होता, आणि तो सकाळपासून उपाशी असेल हेही डोक्यातून जात नव्हतं.

दुपार कलली, पाणी चढू लागलं. सर्वेवाले ढेकर देत गाडीकडे निघाले तेव्हा बाबाची होडी वळणावर दिसली. मी धावत गाडी गाठली.

"सर, आले! दोन मिनिटं फक्त."

"अहो, तुमच्या गावाचा डेटा सबमिट झाला. आता ॲप उघडत नाही." त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. "अर्ज करा. बघू काय होतं ते."

तेवढ्यात बाबाने होडी लावली आणि आतून हातभर जिताडा उचलून दाखवला. दिवसभराची कमाई तेवढीच, पण मासा असा की गावातली म्हातारी माणसंही उठून आली. अभिराम पांढऱ्या बुटांसकट खाली उतरला.

"बापरे! इथे अजून हे मिळतं?"

"मिलतं की," बाबा म्हणाला. "जावं लागतं."

साहेबांनी जिताडा विकत घेतला. मग स्वतःचा मोबाइल काढला. "काका, जरा मासा धरून उभे राहा ना. होडीला टेकून. हं, चेहरा इकडे. बायकोला पाठवतो, तिला खरं वाटणार नाही."

होडी, माणूस, क्लिक.

मी अभिरामकडे बघत राहिले. त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्याने मोबाइल घाईने खिशात टाकला आणि गाडीत बसला. मासा पिशवीत होता. गाडी गेली.

बाबा जाळं खांद्यावर टाकून आला. दिवसभर उन्हात राहून तोंड काळवंडलं होतं, पण खुशीत होता.

"उगा डोकं खात होतीस," तो म्हणाला. "घेतला ना फोटो? बाकीचे नुसतेच उभे होते. माझा माशासकट घेतला."

मी जाळ्याचं दुसरं टोक उचललं. "हो बाबा," म्हटलं, "तुझाच चांगला आला."