पाच टक्क्यांची आघाडी

शनिवारी सकाळी साडेदहाला प्रियदर्शिनीने चौथी फाइल उघडली. चूक शोधायचं तिच्या मनातही नव्हतं. नव्या कामाचा तक्ता तसाच आखायचा होता, म्हणून जुना समोर घेतला, एवढंच. शिक्षणाच्या रकान्यावर नजर गेली आणि तिने बाकीच्या तिन्ही फाइली शेजारी उघडल्या.

नवी मुंबईतल्या महाप्याच्या या ऑफिसात ती सहा वर्षं होती. अमेरिकेतली एक सर्वेक्षण संस्था तिकडच्या मतदारांना फोन करून कोणाला मत देणार ते विचारायची, आणि उत्तरांच्या फाइली इकडे यायच्या. त्या तपासायच्या, साफ करायच्या आणि शेवटचा आकडा काढून परत पाठवायचा. तक्त्यात उमेदवारांना नावं नसत. एक ‘ए’, दुसरा ‘बी’. राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान मंगळवारी होतं, आणि ज्या राज्यावर सगळ्यांचे डोळे लागले होते तिथला आकडा तिच्याच हातून गेला होता. ‘ए’ पाच टक्क्यांनी पुढे. बाकी सगळे बरोबरी दाखवत असताना हा आकडा आला, म्हणून शुक्रवारी अमेरिकेतल्या चॅनेलांनी तो डोक्यावर घेतला. मराठी चॅनेलवरही खालच्या पट्टीत तो सरकत होता. तुर्भ्याला घरी तिच्या आबांनी, म्हणजे वडील पोपटरावांनी, शेजारच्या दोघांना बोलावून टीव्ही दाखवला होता. आयुष्यभर मार्केटात कांद्याची पोती उचललेला माणूस. आपल्या लेकीचा आकडा अमेरिका बघते, हे त्यांनी चार-चारदा सांगितलं.

आता तोच आकडा खोटा ठरत होता. शिकलेले लोक अशा फोनला जास्त उत्तरं देतात, म्हणून हिशेबात पदवीधरांचं वजन थोडं उतरवायचं आणि कमी शिकलेल्यांचं चढवायचं, हा नेहमीचा नियम. आठशे माणसं, चार फाइली. पहिल्या तिन्हींत पदवीधरासाठी ‘१’ हा नंबर होता, बाकीच्यांसाठी ‘२’. चौथी फाइल एका नव्या फोन केंद्राकडून आली होती आणि तिच्यात बरोबर उलटं होतं. ते बदलून घ्या, अशी सूचनाही सोबत होती. बुधवारी ती फाइल हातात असतानाच घरून फोन आला होता, आबांना चक्कर आली म्हणून. नंबर न बदलताच ती घाईत निघाली, आणि निघता निघता ‘तपासले’ या चौकटीत खूण करून गेली. चौकटीशेजारी तिचं नाव होतं.

तिने चौथ्या फाइलीतले नंबर उलटे करून सगळा हिशेब पुन्हा लावला. आघाडी नाहीशी झाली. ‘ए’ आणि ‘बी’ बरोबरीत. तिने पुन्हा एकदा लावला. तेच.

टीम लीडर इंद्रजितला तिने आत जाऊन सांगितलं. तो साताऱ्याकडचा, वयाने तिच्याहून चारेक वर्षांनी मोठा, कधी आवाज न चढवणारा. त्याने तक्ता पाहिला आणि खुर्ची मागे घेतली. मग दार लावून घेतलं. त्याने मालकांना फोन लावला. काचेपलीकडे सहा जणांची टीम काम करत होती. हे काम गेलं तर त्यातल्या चौघांना दुसरीकडे बसवायला जागा नव्हती. मालकांचं म्हणणं पंधरा मिनिटांत ठरलं. चार टक्के इकडे-तिकडे होतातच, तसं प्रत्येक आकड्याखाली लिहिलेलंही असतं. मंगळवारनंतर कोणी विचारणार नाही. काही कळवायचं नाही.

“सर, हे चुकीचं आहे,” ती म्हणाली.

“मला कळत नाही का?” इंद्रजित हळूच म्हणाला. “पण त्या संस्थेची मार्था उद्या सकाळी टीव्हीवर बसणार आहे. आता सांगितलं तर तिची अब्रू जाईल, आपलं काम जाईल आणि तुझं नाव पुढे येईल. नाही सांगितलं तर काय होईल, सांग ना.”

ती जागेवर येऊन बसली. अमेरिकेत तेव्हा मध्यरात्र उलटलेली होती, म्हणजे चार-साडेचारपर्यंत कोणी विचारणार नव्हतं. जेवणाचा डबा तिने उघडला आणि तसाच बंद केला. कोणाला तरी हा आकडा खरा वाटत असेल. आपला माणूस पुढेच आहे म्हणून कोणी रांगेत उभं राहायचा कंटाळा करेल. किंवा हरणारच आहे म्हणून. किती जण, हे कुठल्याच तक्त्यात येणार नव्हतं. दुपारी आबांचा फोन आला. शेजारचे जोतीराम काका विचारत होते, आघाडी आणखी वाढली का. मीटिंगमध्ये आहे म्हणून तिने फोन ठेवला आणि खोटं बोलल्याचं तिला उगाच लागून राहिलं.

साडेचारला स्क्रीनच्या कोपऱ्यात चॅटची खिडकी उघडली. तिकडची मार्था. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण तीन वर्षं रोज याच वेळी बोलणं व्हायचं. मार्थाने लिहिलं होतं की ती लवकर उठून उद्याच्या कार्यक्रमाची तयारी करते आहे. चॅनेलवाले खोदून विचारतायत, बाकीच्यांपेक्षा तुमचाच आकडा वेगळा कसा. मग शेवटी एकच ओळ: आकडा पक्का ना?

प्रियदर्शिनीने मान वर केली. काचेआडून इंद्रजित तिच्याकडेच बघत होता. त्याच्याही स्क्रीनवर ते संभाषण दिसत होतं. त्याने नकारार्थी मान हलवली. मग त्याने नजर खाली वळवली, आणि ती वर केलीच नाही. ती अडवायचं सोडून दिल्याची खूण होती की नुसता थकवा, हे तिला कळलं नाही. तिने कीबोर्ड जवळ ओढला.

‘नाही,’ तिने लिहिलं. ‘चौथ्या फाइलमध्ये चूक झाली आहे. ती माझी आहे. खरा आकडा बरोबरीचा येतो. तक्ता पाठवते.’

पलीकडून सात मिनिटं काहीच आलं नाही. मग आलं: पाठव.

रविवारी मार्थाच्या संस्थेने दुरुस्ती जाहीर केली. चॅनेलवाल्यांनी मार्थाला फाडून खाल्लं. दोन दिवसांत मत बदलणारी संस्था, कोणाकडून दाबल्या गेलात, असले प्रश्न. मोबाइलवर लोक त्याहून वाईट लिहीत होते. सोमवारी प्रियदर्शिनीला त्या कामावरून काढून शाम्पूच्या सर्वेक्षणावर बसवलं. इंद्रजित तिच्याशी कामापुरतं बोलायला लागला.

बुधवारी दुपारपर्यंत निकाल स्पष्ट झाला. त्या राज्यात ‘ए’ जिंकला होता, साडेचार टक्क्यांनी.

ऑफिसात कोणीतरी टाळी वाजवली आणि म्हणालं, मॅडमची चूकच बरोबर निघाली. सगळे हसले. तीही हसली, कारण न हसता बसणं फार अवघड होतं. इंद्रजित तेवढा हसला नाही. पाणी प्यायला जाताना तो तिच्या टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, तिकडून मेल आलाय. काम आपल्याकडेच ठेवतायत, पण यापुढे प्रत्येक फाइल दोघांनी तपासायची. दुसरं नाव तुझं असावं, असं मार्थाने लिहिलंय. मालकांनी अजून होकार दिलेला नाही.

संध्याकाळी आबा टीव्हीसमोर बसले होते. त्यांना सगळा प्रकार तिने रविवारीच सांगितला होता.

“पैलाच आकडा बराबर व्हता की,” ते म्हणाले. “मंग कशापायी बदलला, पोरी?”

तिने त्यांच्या शेजारी बसून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आठशे माणसं, पदवीधर, उलटे नंबर. लोकांनी काय सांगितलं तेच आपण कळवायचं; पुढे काय होणार ते आपल्या हातात नसतं. लोकांनी आयत्या वेळी मन बदललं असेल, किंवा काही जण खरं बोलले नसतील, ते आपल्याला कधीच कळणार नाही. आबा ऐकत राहिले. त्यांना किती पटलं ते चेहऱ्यावरून दिसेना.

“म्हंजे तू आता चुकलीस, तरी बराबर?”

“हो, आबा.”

“आन् आदी बराबर व्हतीस, तवा चुकलेली.”

“हो.”

आबांनी रिमोट उचलला. मग टीव्ही बंद करून म्हणाले, “जोतीरामला हे तूच सांग. मला न्हाई जमायचं.” ती चप्पल घालून शेजारी गेली.