तंबूतला अकरा वर्षांचा अनुभव

"'तंबूत अकरा वर्षं'," फिलिपाने फॉर्मवरची नजर न काढता वाचलं. "मर्व्ह, हे काय आहे?"

"व्यावसायिक पार्श्वभूमी. तूच मागितलीस."

"कसला तंबू?"

"बॉक्सिंगचा. जत्रेतला. बाहेरचे पडदे रंगवायचो आणि आत मार खायचो."

फिलिपा ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टनच्या डिझाइन स्कूलची प्रमुख. मर्व्ह हॅनिगन तिथे एकोणीस वर्षं अक्षरं शिकवत होता, ब्रशने, काचेवर आणि पत्र्यावर. वय अडुसष्ट, नाक पाच वेळा मोडलेलं, डावा कान उकडलेल्या फ्लॉवरसारखा. गुरुवारी मान्यता देणारी समिती येणार होती आणि तिला प्रत्येक शिक्षकाची पार्श्वभूमी ऐंशी शब्दांत हवी होती. ज्याची पटणार नाही, त्याचा करार वाढणार नव्हता. इतरांचं बरं होतं. इंग्रिडने रॉटरडॅममध्ये सहा वर्षं अशा खुर्च्या केल्या होत्या ज्यांवर बसता येत नसे, आणि त्याबद्दल तिला दोन बक्षिसं मिळाली होती. लॉकलनने सिडनीत मांजरांच्या एका खाण्याला नाव दिलं होतं. ते सुचायला चौदा महिने लागले, हे त्याने अभिमानाने लिहिलं होतं.

"समितीपुढे 'मार खायचो' चालत नाही," फिलिपा म्हणाली आणि टाइप करू लागली. "ऐक. 'प्रवासी क्रीडा-मनोरंजन क्षेत्रात दृश्य-संवाद सल्लागार. प्रेक्षकांच्या थेट सहभागाचा दीर्घ अनुभव.'"

"हा कोण?"

"तू."

"बरा माणूस दिसतो. याला कोणी मारलं नसणार."

"तुला नोकरी हवी आहे की नको?"

हवी होती. घरी मर्व्हचा एक फ्रीज होता आणि एक टीव्ही, आणि दोघंही त्याचं ऐकत नसत. इथे बावीस विद्यार्थी ऐकत. त्याने सही केली.

त्या बावीस जणांना त्याचा एकच नियम विचित्र वाटे. तास संपला की टर्पेंटाइनने हात धुवायचे, मग साबणाने, मग रांगेत उभं राहून नखं दाखवायची. लाल रंग दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. दाढ्या वाढलेली माणसं बालवाडीसारखी नखं पुढे करत. कारण मर्व्हने कधी सांगितलं नव्हतं.

कारण वँडूल नावाच्या गावात राहिलं होतं.

तंबूचा धंदा साधा होता. बाहेर फळीवर पाच बॉक्सर उभे राहत, ढोल वाजे आणि मालक गावाला डिवचे, "कोण घालतो ग्लोव्ह? की सगळे आईला विचारून येणार?" गाव लाजे. म्हणून गर्दीत एक आपला माणूस पेरलेला असे. मेंढरं कातरणाऱ्याचे कपडे घालून तो हात वर करी, फळीवरच्याची आयमाय काढी आणि आत जाऊन रक्त निघेपर्यंत लढे. भांडण खोटं असे, रक्त खरं. हा पेरलेला माणूस म्हणजे मर्व्ह, आणि त्याला रोज फोडून काढणारा क्लॅरी. दोघं एका ट्रकखाली झोपत, एका डब्यातून खात. क्लॅरीने मर्व्हचं नाक तीनदा मोडलं आणि तिन्ही वेळा त्याच्या छातीवर बसून स्वतःच्या अंगठ्यांनी सरळ केलं. "हलू नकोस, गाढवा. जागेवर बसतंय."

वँडूलच्या जत्रेत ऐन दुपारी मालकाला क्लॅरीचं नाव पडद्यावर मोठं हवं झालं. मर्व्हने ते लाल रंगात काढलं. इतकं झकास उतरलं की त्याला राहवेना, प्रत्येक अक्षराला त्याने सावली दिली. त्या सावलीने उशीर झाला. ढोल सुरू झाला तसा तो धावत गर्दीत घुसला आणि मालकाने विचारताच त्याने हात वर केला.

हात मनगटापर्यंत लाल होता. समोरच्या पडद्यावर तोच लाल अजून ओघळत होता.

शेजारी गावचा खाटीक उभा होता. त्याने हाताकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. लाल रंगातलं त्याला कळत होतं. "हे रक्त नाही, पडद्याचा रंग आहे. हा यांचाच माणूस," तो म्हणाला.

मग गावाने तंबू खाली पाडला. दोर कापले, लोखंडी खुंट्या उपटल्या. मालकाच्या डोक्यात ढोल घातला, अगदी फोडून घातला, आणि तो ढोल गळ्यात घेऊनच मालक घोड्यांच्या बाजूला पळाला. एका बॉक्सरचा हात ट्रकच्या दारात धरून दार दोनदा लावलं गेलं. मर्व्ह कापडाखालून सरपटत ट्रकखाली शिरला. तिथून त्याला फक्त बूट दिसत होते. गावाचे चिखलाचे बूट आणि मधोमध क्लॅरीचे पांढरे. पांढरे बूट मागे सरत नव्हते.

"पळ, मर्व्ह. मी धरतो यांना," क्लॅरी ओरडत होता.

खुंटीचा आवाज आला. मग आणखी एक. आधी गुडघे खाली आले, मग हात, मग चेहरा, ट्रककडे वळलेला. डोळ्यांच्या जागी जे होतं त्या रंगाला मर्व्हने पुढे कधी नाव दिलं नाही. बूट लाथा घालत राहिले. मर्व्ह तोंडात मनगट धरून पडून राहिला. रंगाची चव कडू होती.

क्लॅरी जगला. गाव कशाने चवताळलं, हे आंधळ्या क्लॅरीने कधी विचारलं नाही आणि मर्व्हने कधी सांगितलं नाही.

गुरुवारी समितीचे तिघं टेबलामागे बसले. शिक्षक आपापली कामं मांडून भिंतीला टेकले. मर्व्हने ऐंशी शब्द वाचायला घेतले आणि 'थेट सहभागा'पाशी तो थांबला.

"काय झालं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हे खोटं आहे. पुन्हा गर्दीत पेरल्यासारखं वाटतंय."

मग त्याने सगळं सांगितलं, ट्रकखालच्या मनगटापर्यंत. फिलिपाने डोळे मिटून घेतले.

"याचा काही पुरावा?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "फोटो, कात्रण, शिफारसपत्र?"

"नाही. उरलेलं गावाने जाळलं."

लॉकलन पुढे आला. तो दर मंगळवारी बॉक्सिंगच्या व्यायामाला जाई आणि मर्व्हच्या वर्गाच्या जागी थ्री-डी प्रिंटर बसवावेत असं त्याचं मत होतं. "पुरावा तर समोर उभा आहे की," तो हसत म्हणाला आणि मुठी वर करून मर्व्हच्या गालावर टिचकी मारल्यासारखा ठोसा मारला. "ये आजोबा, घाल ग्लोव्ह."

"नको, पोरा."

दुसरा ठोसा नाकावर आला, थोडा जोरात. "का? आज ट्रक नाही आणला?"

मर्व्हचा डावा हात बरगडीत गेला, उजवा जबड्यावर. काहीतरी कट्‌ झालं. तिसऱ्या ठोशाला लॉकलनचं नाक बाजूला गेलं आणि तो इंग्रिडच्या बक्षीस मिळालेल्या खुर्चीत कोसळला. त्या खुर्चीवर कोणी बसण्याची ही पहिलीच वेळ. खुर्चीने साथ दिली नाही. मर्व्हने त्याला कॉलर धरून उचललं आणि आणखी एक मारला. तो चौथा गरजेचा नव्हता. ते मर्व्हलाही ठाऊक होतं.

खोलीत फक्त लॉकलनच्या श्वासाचा बुडबुड आवाज उरला. मर्व्ह गुडघ्यांवर बसला, त्याने दोन्ही अंगठे नाकाच्या दोन बाजूंना लावले. "हलू नकोस, गाढवा," तो हळूच म्हणाला. "जागेवर बसतंय."

बसलं. अध्यक्षबाईंनी फॉर्मवर लिहिलं, 'पार्श्वभूमी: पडताळली.'

"तुझा करार संपला, मर्व्ह," फिलिपा दारात म्हणाली. "पोलीस येतील. घरी थांब."

"गुरुवारी घरी नसतो. क्लॅरीकडे असतो."

तिने पत्ता लिहून घेतला. मर्व्हने टर्पेंटाइनने हात धुतले, मग साबणाने. रक्ताला टर्पेंटाइन लागत नाही, पण सवय.

वृद्धाश्रमाच्या ओसरीवर क्लॅरी चहा समोर ठेवून बसला होता. "उशीर केलास," म्हणत त्याने मर्व्हचा हात हातात घेतला. बोटं सुजलेल्या सांध्यांवर थबकली. "कोण होता?"

"मांजरांच्या खाण्याला नावं देणारा."

"बरा होता?"

"डावा हात खाली ठेवत होता."

"मग काय." क्लॅरीने हात सोडला नाही.

"क्लॅरी, वँडूलला माझ्या हाताला रंग होता. लाल. म्हणून..."

"माहीत आहे. मी फळीवर उभा होतो. तुझा हात वर आला तो सगळ्यांआधी मला दिसला."

"चाळीस वर्षं बोलला नाहीस?"

"तू कधी बोलतोस म्हणून थांबलो." क्लॅरीने चहाचा घोट घेतला. "माझं नाव कसं झालं होतं रे? पडदा माझ्या पाठीमागे होता. म्हटलं, खेळ संपला की बघू."

मर्व्हने त्याचा तळवा उघडून आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि बोटाने एकेक अक्षर काढायला घेतलं. इंग्रजीतली सात अक्षरं. मग पहिल्यापासून प्रत्येकाची सावली.

फाटकाशी गाडी थांबली. दोन पोलीस उतरले. एकाने नाव पुकारून विचारलं, हॅनिगन कोण.

मर्व्हने हात वर केला नाही. शेवटच्या अक्षराची सावली व्हायची होती.