चाळिसाव्या पानावरचं मांजर

पुस्तक बाहेर यायला चार दिवस होते आणि सकाळीच ते कुणीतरी फुकट वाटून टाकलं. फाइल या फोनवरून त्या फोनवर पळत सुटली. "कागद नाही, शाई नाही, मग ई-पुस्तकाला साडेतीनशे कसले?" असं कुरकुरणाऱ्यांची तर चंगळच झाली.

संपादिकेनं लगेच ती फाइल मिळवली. तरी बरं, सापळा तिनं आधीच लावून ठेवला होता. प्रत तिघांकडेच गेली होती आणि प्रत्येकाच्या प्रतीत चाळिसाव्या पानावरच्या मांजराचा रंग वेगळा होता. चित्रकाराकडे तांबडं, मुद्रितं तपासणाऱ्या अण्णांकडे काळं, लेखकाकडे त्याचं मूळचं पांढरं. चोरीच्या फाइलमध्ये मांजर पांढरं निघालं.

"म्हणजे लेखकमहाशयच!" प्रकाशनाचे मालक कडाडले. "पाच वाजता फोन लावतो आणि करार मोडतो."

साडेचार वाजले तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सात वर्षं खपून पुस्तक लिहिणारा माणूस स्वतःच्याच पोटावर पाय कशाला देईल? पण मांजर तर पांढरंच होतं.

तेवढ्यात अण्णांचा फोन आला. हे काम तिला अण्णांनीच हाताला धरून शिकवलं होतं.

"अगं, एक सांगायचं राहिलंच. पान चाळीसवर मांजर काळं आणि एकशेबारावर पांढरं! मधल्या पानांत रंगारी येऊन गेला की काय? मी माझ्या प्रतीत पांढरं करून टाकलं. तूही कर."

म्हणजे पांढरं मांजर दोन प्रतींत होतं. "अण्णा, ती प्रत कुणाला दिलीत?"

"माझ्या ताईला फक्त. अंथरुणाला खिळलीय बिचारी, जाड पुस्तक हातात धरवत नाही. साडेतीनशे कुठून आणेल? कुणाला पाठवू नकोस म्हणून बजावलंय तिला. का गं?"

तिनं मान वर केली. काचेपलीकडे मालकांनी फोन उचललेला दिसला. पाच वाजायचीही त्यांनी वाट पाहिली नव्हती. गप्प राहिली असती, तर अण्णा वाचले असते. त्या क्षणी तिला स्वतःची भीती वाटली, कारण गप्प राहावंसं खरंच वाटत होतं.

ती धावत आत गेली. "थांबा साहेब, लेखकाची नाही. ती प्रत अण्णांची आहे."

मालकांनी फोन खाली ठेवला. तिच्या हातातला फोन मात्र चालूच राहिला होता.

"बरोबर केलंस," त्यातून अण्णांचा आवाज आला. "दिसलेली चूक सोडायची नाही."