नसवाल्या महाराजांचा काळा दोरा

"ही चप्पलच मेली ढिली," गोजराबाई पुटपुटल्या. मी वाकून ती चौथ्यांदा त्यांच्या पायात सरकवली. रांग दोन पावलं पुढं गेली, चप्पल पुन्हा मागंच राहिली.

गोजराबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. खुब्याचा सांधा बदलून त्यांना सात आठवडे झाले होते, आणि तेवढ्यात ही तिसरी चप्पल. पहिली घसरडी निघाली, दुसरी मोठी, तिसरी ढिली. चपलांबद्दल घरात सगळ्यांचं एकमत होतं. पायाबद्दल कुणी बोलत नव्हतं.

सहाव्या आठवड्याला ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी त्यांना चालवून पाहिलं, पाऊल हातात धरून पाहिलं, आणि एमआरआय लिहून दिला. खुब्यामागून पायाकडं जाणारी नस नुसती दुखावलीय की तिच्यावर कशाचा दाब आहे, ते बघायचं म्हणाले. उशीर करू नका, दाब असला तर लवकर काढलेला बरा.

पण त्यांचा लेक वाल्मीक गल्लीतून वेगळंच शिकून आला. "काकू, ते मशीन म्हणजे भलंमोठं लोहचुंबक. आईच्या खुब्यात लोखंड. मशीन चालू केलं की सांधा बाहेर." यातच आठवडा गेला. आणि म्हणून आम्ही मखमलाबादहून निघून पिंपळगाव बसवंतच्या पुढं, द्राक्षांच्या एका रिकाम्या पॅकहाउसमध्ये, नसवाल्या रंगनाथ महाराजांच्या रांगेत उभे होतो.

महाराज क्रेटवर बसले होते. क्रेटवर भगवी चादर, चादरीखालून 'एक्स्पोर्ट क्वालिटी' ही अक्षरं डोकावत होती.

"माउली," ते म्हणाले, "शरीरात बहात्तर हजार नाड्या. डॉक्टर शिकतो पाच वर्षं. वर्षाला किती झाल्या? करा भागाकार."

लोकांनी हात जोडले. मी भागाकार केला. चौदा हजार चारशे. वर्षाला एवढ्या शिकत असतील तर पोरं हुशारच म्हणायची.

"तुमची नस मेलेली नाही. रुसलीय. डोळे मिटा सगळ्यांनी, ती लाजते."

सगळ्यांनी मिटले. मी एक मिटला. महाराजांनी गोजराबाईंना खुर्चीत बसवून गुडघ्याखाली जाड काळा दोरा गुंडाळला, पायाच्या अंगठ्यात फास घातला, दोन्हींच्या मध्ये दोरा बांधला, वर ओला अंगारा फासला. डावा तळवा मात्र सारा वेळ बोटांवर दाबून धरलेला. आशीर्वाद चालू होता.

"उघडा डोळे. नस, ऊठ."

त्यांनी तळवा उचलला आणि गोजराबाईंचं लोंबणारं पाऊल वर आलं.

पॅकहाउसभर "अगंबाई" झालं. एकीनं तिथंच डोकं टेकलं. वाल्मीकनं तोंड फिरवून डोळे पुसले. एवढा थोराड बाप्या. गोजराबाई त्याच्याकडं बघत म्हणाल्या, "उठला रे बाबा." पायाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"चाळीस दिवस दोरा सोडायचा नाही," महाराजांनी पथ्य सांगितलं. "आणि त्या मशिनीत गेलात तर उठलेली नस जळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी अंगणात झेंडूचे हार ओवत बसलो. उभा जन्म यातच गेल्यानं दोरा आमच्या डोळ्यांआधी बोटांना कळतो. टोपली ओढताना माझं बोट त्यांच्या पायाच्या दोऱ्यात अडकलं. दोरा ताणला गेला आणि सोडल्यावर जागेवर आला.

"बाई, सुती दोरा असा लांबतो का हो?"

"मंत्राचा असंल."

"मंत्रात रबर कधीपासून घालतात?"

त्या हसल्या नाहीत. हातातलं फूल मात्र ओवायचं राहून गेलं.

मी शिलाईच्या डब्यातलं इलॅस्टिक आणलं आणि वाल्मीकला खुर्चीत बसवलं. "पाय सैल सोड. जीवच नाही त्यात असं समज." गुडघ्याखाली वेढे, अंगठ्यात फास, मध्ये ताण, बोटांवर माझा तळवा. चौदा हजार चारशे नाड्यांना स्मरून म्हणाले, "नस, ऊठ." हात उचलला. पाऊल वर.

"परत करा, काकू."

परत केलं. परत वर.

"म्हणजे आईचा पाय..." तो थांबला.

"दोऱ्यानं पाऊल वर धरलंय, एवढं खरं. त्यानं चप्पलही पायात राहते. चालायला डॉक्टरसुद्धा असला पट्टा देतात, अंगाऱ्याशिवाय. पण टोमॅटोचं झाड सुतळीनं तारेला बांधलं म्हणून मूळ बरं झालं, असं तू मळ्यात म्हणतोस का? तिथं माती उकरून मूळ बघतोस. मग आईच्या बाबतीतच डोळे मिटून का बसायचं?"

"पण चुंबक?"

"ते मशीनवाल्यांना विचार. गल्लीला नको."

त्यानं फोन लावला. तिकडून म्हणाले, सांध्याची बनावट आणि नंबर लिहिलेलं कार्ड घेऊन या. आता आली पंचाईत. दवाखान्यातून मिळालेलं ते कार्ड गोजराबाईंनी पहिल्याच दिवशी देवघरात ठेवलं होतं. नवा सांधा घरात आला, त्याची पूजा नको? सात आठवड्यांच्या हळदकुंकवाखाली नंबर गडप झाला होता.

नाशकातल्या तपासणी केंद्रात डॉक्टर योगिनींनी ओल्या कापसानं कार्ड पुसलं, चष्मा वर करून वाचलं. "हा सांधा आमच्या मशीनमध्ये चालतो. चुंबक तो ओढून काढणार नाही. प्रत्येकाचं कार्ड बघूनच आम्ही आत घेतो, म्हणून हे देवाजवळ नको, फायलीत ठेवा. धातूमुळं फोटोवर डाग पडतो, तो कमी करायची पद्धत आहे. नस बघता येईल." मग त्यांची नजर खाली गेली. "हा दोरा सोडावा लागेल."

गोजराबाईंचा हात दोऱ्यावर गेला आणि तिथंच राहिला. शेवटी वाल्मीकनंच खाली बसून गाठ सोडली. पाऊल लोंबलं.

"पाय असा कधीपासून आहे?" डॉक्टरांनी पेन उघडलं.

"तसं हळूहळूच," वाल्मीक म्हणाला. "जरा अशक्तपणा."

मी भिंतीवरची पाटी वाचायला घेतली.

"हे नीट सांगा. ऑपरेशननंतर लगेच झालं की मागाहून, त्यावरून काय शोधायचं ते ठरतं."

गोजराबाईंनी वाकून चप्पल काढली आणि बाजूला सारली.

"चप्पल ढिली नाय, डॉक्टरीणबाई. सुद्धीवर आले तवापास्नं पाऊल वर होत नाय. नर्सबाई बोटं हलवा म्हणाली, तवा मी खाली दुमडून दाखवली. वर येतच नव्हती." मग त्या लेकाकडं वळल्या. "सगळे नको नको म्हणत व्हते, तू हट्टानं आप्रेशन करवलंस. तुला कसं सांगायचं रे, त्यातनंच माझा पाय लुळा पडलाय."