दुसऱ्या जागेवरचा अडसर

मित्रांनो, मी एक जुनी काचेची कुपी आहे आणि विज्ञानातला एक मोठा शोध माझ्या पोटात लागला आहे. निदान चार दिवस तरी सगळे तसे मानत होते.

भट्टीतून निघाल्यावर मला घासून चौकोनी केले, कपाळावर 'दोन' कोरले आणि प्रयोगशाळेत रंग मोजणाऱ्या यंत्राशेजारी ठेवले. तिथली शिस्त कडक. एक नंबरच्या कुपीत विकर, म्हणजे तुमचे एन्झाइम, आणि त्याचा कच्चा माल. माझ्यात तेच, वर औषधाचा एक थेंब. अदलाबदल चालायची नाही. विकर कामाला लागले की पिवळा रंग चढतो. त्या सोमवारी माझ्यात तो चढेना!

संशोधक ताईने यंत्रावरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचला. शुक्रवारी प्रबंधाचे शीर्षक द्यायचे होते आणि पाच वर्षांत शीर्षक द्यावे असे काही घडलेच नव्हते. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, औषधाने विकरावरची कच्च्या मालाची जागा बळकावली असेल, माल वाढवला की हटेल. तिने माल दसपट केला. रंग ढिम्म. म्हणजे अडसर त्या जागेवर नव्हताच! "अ‍ॅलोस्टेरिक," ती पुटपुटली आणि माझ्या काचेवर शहारा आला.

तिने लगेच आईला फोन लावून शब्द फोडून सांगितला. ग्रीकमध्ये 'अ‍ॅलॉस' म्हणजे दुसरा, 'स्टेरिऑस' म्हणजे घन. अडवणाऱ्याचा आकारच वेगळा, म्हणून तो दुसरीकडेच चिकटतो, विकराची ठेवण बदलतो आणि काम बिघडवतो.

"म्हणजे तुझे बाबा," आई म्हणाली. "ओट्याजवळ फिरकत नाहीत. सोफ्यावरून सूचना देतात आणि इकडे माझं दूध उतू जातं."

याहून नेमकी व्याख्या पुस्तकातही नाही, असे ताईने मान्य केले. शीर्षक ठरले. सरांनी सगळ्यांना चहा पाजला, ही तिथली त्याहून मोठी घटना. मला कापसावर निजवले!

गुरुवारी सर म्हणाले, "अगं, एकदा औषधाऐवजी नुसतं पाणी घालून बघ. परीक्षक विचारतील."

पाण्यानेही विकर अडले.

ताईने एक नंबरच्या कुपीकडे पाहिले. ती नवी कोरी होती. मग माझ्याकडे पाहिले. माझे जुने डाग काढायला तिने रविवारी मला क्रोमिक आम्लात बुडवले होते आणि घाईत एकदाच नळाखाली धरले होते. उरलेले क्रोमियम माझ्या अंगाला चिकटून होते, आणि विकर त्यानेच अडवले होते.

मित्रांनो, काचेला कोणाचे वाईट करायचे नसते. आम्लानंतर तिला दहा वेळा स्वच्छ पाण्याने धुवा, एवढीच विनंती.

शुक्रवारी ताईने मला दहा पाण्यांतून काढले आणि औषध पुन्हा घातले. तीन मिनिटांत रंग पिवळाधमक झाला.